आता बस

महारुद्रनं रिकामी बशी कपावर उपडी घातली, तेव्हाच आश्रुबानं ओळखलं, आजची बैठक चहावर मिटायची नाही. थोरल्या लेकाची ती खूणच होती. वाटण्या झाल्या त्या दिवशीही त्यानं अशीच बशी उपडी घातली होती आणि ओढ्याकडचं आंब्याचं झाड आपल्या बाजूला ओढून घेतलं होतं.

"लय झालं शिक्षान," महारुद्र म्हणाला. "आता बस!"

हे तो पुतणीला म्हणत होता. अपेक्षा, धाकट्या नागनाथची लेक, पाठीवर सॅक अडकवून दारात उभी होती. परभणीला बी.एस्सी.चं दुसरं वर्ष चालू होतं तिचं. म्हणजे कॉलेज चालू होतं, अपेक्षा घरीच होती. रस्त्याला खड्डे होते तोवर ताडकळसहून परभणीला जाणारी सकाळची बस बोरमाळ फाट्यावर थांबायची, एखाद्या बाभळीखाली कुणी हात केला तरी थांबायची. मग रस्ता गुळगुळीत झाला, बसच्या कपाळावर 'जलद' अशी पाटी लागली आणि तिला बोरमाळ फाटा दिसेनासाच झाला. नागनाथची मोटारसायकल होती, पण ती ओढ्यात गेल्यापासून तिचं नाव घरात काढायचं नाही असं ठरलेलं होतं.

"सेलूचं स्थळ चांगलं हाय," महारुद्रनं पुढं रेटलं. "बिस्तरवारी पाव्हणे येऊलालेत. मी शबुद देऊन बसलोय."

"बघू," नागनाथ म्हणाला. जन्मल्यापासून तो एवढंच म्हणत आला होता.

"काय बघू?" कोपऱ्यात शेंगा फोडत बसलेली नर्मदाबाई फिसकन हसली. ही आश्रुबाची धाकटी बहीण. नवऱ्याशी भांडून माहेरी आली ती भांडण कशावरून झालं हेही विसरून गेली, पण परत गेली नाही. "बस थांबत न्हाई म्हनून पोरीचं लगीन लावायलाय. महारुद्रा, उद्या न्हावी आला न्हाई तर दाढीपाई मुंडकं काढून ठिवशील का रे?"

"आत्या, तू मदी पडू नकू."

"मी मदीच बसलेय, मुडद्या. कुठं पडू?"

सगळ्यांच्या माना आश्रुबाकडं वळल्या. आश्रुबाला हे फार आवडायचं. त्यानं मिशीवरून हात फिरवला, खाकरला, उगाच आढ्याकडं पाहिलं. त्याला थोरल्याचा शब्द मोडायचा नव्हता आणि नातीचं तोंड पाडायचं नव्हतं. अशा वेळी जो फैसला दिला की आपल्याला काहीच करावं लागत नाही, तो फैसला उत्तम, हे तो आयुष्यभर पाळत आला होता.

"ऐका," तो म्हणाला. "बिस्तरवारी पाव्हणे उतरायच्या आदी बस आपल्या फाट्यावर थांबली, तर पोरगी कॉलेजला जाईल. न्हाई थांबली, तर पोहे घेऊन पाव्हण्यांपुढं. आश्रुबाचा फैसला."

महारुद्र गालात हसला. ती बस डेपोच्या साहेबाच्या बापासाठी थांबली नसती.

"चालंल, आबा," अपेक्षा म्हणाली. "पन तवर मी आंदोलन करनार. कुनी आडवायचं न्हाई."

आंदोलन म्हटल्यावर आश्रुबा सरसावून बसला. "आंदोलन मी केलंय! ऐन रुळावर बाज टाकून बसलो व्हतो. इंजिन येऊन मिशीला टेकलं. केस पिंजारलेले अजून तसंच हायेत, बगा. ड्रायवर खाली उतरला, पाया पडला, म्हनला, आश्रुबा उठा, गाडीत नवरी हाय, मुहूर्त टळंल..."

"गाडी सिग्नलला थांबली व्हती," नर्मदाबाई शेंग फोडत म्हणाली.

ती दर वेळी हेच म्हणायची. आश्रुबाच्या त्या गोष्टीत कधी बाज असे, कधी खुर्ची, एका दसऱ्याला तर म्हैसही आली होती. सिग्नल मात्र कायम.

"आबा, माझं आंदोलन घरबसल्या हाय," अपेक्षानं फोन वर केला.

"घरी बसून?" महारुद्रचा चेहरा उजळला. "मंग बस की! आमी दुसरं काय म्हनायलाव?"

अपेक्षानं त्याच्याकडं लक्षच दिलं नाही. ती आश्रुबाशेजारी येऊन बसली. "लय सोप्पं असतंय, आबा. आपल्या फाट्याचा एक फोटो टाकायचा. खाली एक ओळ, बस न्हाई तर माझं काय झालं. डेपोच्या पानाला जोडायचं. अर्ज असतोय, त्याच्यावर आपलं नाव घालायचं. सोताच्या गावची गोष्ट सोता सांगायची, दुसऱ्याची खोटी पुढं ढकलायची न्हाई. आन् समद्यांनी शेवटी एकच शबुद लिहायचा. म्हंजे कुटं बी लिहिलं तरी एका माळंत येतंय."

"कोन्ता शबुद?"

अपेक्षानं चुलत्याकडं पाहिलं. "तात्या म्हनले तोच. आता बस. आता आमाला बस पायजे. दोन्ही शबुद जोडून."

महारुद्रनं बशी सरळ केली. आपला शब्द पुढं पाठवला जातोय म्हटल्यावर त्याला थोडं बरंही वाटलं होतं.

#

सुरुवातीला कुणी विचारलं नाही. मोकळ्या फाट्याचा फोटो, त्यात एक कुत्रं, खाली '#आताबस'. नागनाथनं अंगठा दिला, नागनाथच्या बायकोनं दिला, आणि कॉलेजातल्या ईश्वरी नावाच्या मैत्रिणीनं कुत्र्याला दिला.

"आबा, तुमी बी द्या की अंगठा," अपेक्षा म्हणाली.

आश्रुबा दचकला. "अंगठा न्हाई!"

त्याच्या बापानं एकदा अंगठा उठवला होता आणि गावओढीचं रान गेलं होतं. तेव्हापासून या घरात अंगठा जपून वापरत. आश्रुबा टाचणीसुद्धा दोन बोटांनी उचलायचा. फोनवरच्या अंगठ्यानं रान जात नाही, हे अपेक्षानं परोपरीनं सांगितलं. आश्रुबानं हाताची मूठ केली आणि ती धोतरात लपवली.

मग गल्लत सुरू झाली.

सेलूच्या कुण्या बाईला तो जोडशब्द दिसला. तिनं तो 'पुरे झालं' असा वाचला आणि लिहिलं, 'नवऱ्याचं घोरणं. #आताबस'. तिच्या नवऱ्यानं उलट लिहिलं, 'रोजची वांगी. #आताबस'. सोनपेठच्या एका मास्तरनं तोच शब्द 'खाली बस' असा वाचला आणि मांडी घालून बसलेल्या अख्ख्या वर्गाचा फोटो टाकला. संध्याकाळपर्यंत गोदाकाठाला लोक बसायला लागले. कुणी ट्रॅक्टरच्या टपावर बसलं, कुणी रांजणात बसलं. एक पैलवान म्हशीवर बसला. म्हैस खाली बसली. तिचाही वेगळा फोटो आला, आणि पैलवानापेक्षा तिला अंगठे जास्त पडले. एक निवृत्त कारकून पाण्याच्या टाकीवर चढून बसला आणि आता कुणीतरी 'ऊठ' अशी मोहीम काढल्याशिवाय उतरणार नाही म्हणाला. त्याचा डबा दोरीनं वर जात होता.

घरात तर त्याहून बिघडलं. नागनाथच्या बायकोनं चुलीपाशी बसून लिहिलं, 'सकाळपासून पाचवा चहा. #आताबस'.

महारुद्र फोन घेऊन थेट आश्रुबापुढं आला. "हे माझ्यावर हाय."

"चहावर हाय," आश्रुबा म्हणाला.

"चहा पितंय कोन घरात? आन् खाली अंगठा कुनाचा हाय ते बगा! माज्या बायकूचा!"

आतून थोरल्या सुनेचा आवाज आला, "चुकून लागला."

"मंग काढ!"

"पुन्हा चुकून लागंल."

आजवर दोन्ही जावा एका चुलीवर एक भाकरी भाजत नव्हत्या. त्या दिवशी दोघी परसात एकाच फोनमध्ये डोकं घालून हसताना आश्रुबानं पाहिल्या आणि त्याला कसंतरीच झालं. चाळीस वर्षं खपून घरात जी फूट त्यानं नीट सांभाळली होती, ती एका अंगठ्यानं बुजत चालली होती.

पण बसचं नाव कुणी काढत नव्हतं. अपेक्षा एकेकाला लिहून सांगत बसली, 'दादा, बस म्हणजे गाडी. बोरमाळ फाट्याला गाडी थांबत नाही.' लोक म्हणायचे, 'ताई, छान. आम्ही बसलोच आहोत.' तिचा चेहरा उतरत चालला. पाहुण्यांचा गुरुवार जवळ येत होता आणि महारुद्रनं पोह्यांसाठी शेंगदाणे निवडून घेतले होते.

शेवटी आश्रुबा स्वतः फाट्यावर गेला. पोरीला दाखवून द्यायचं होतं, की बघ, गाडी थांबत नाही, तू नाद सोड. गाडी आली, भर्रकन गेली, आश्रुबाच्या टोपीत धूळ भरून गेली. चालून पाय भरून आले होते, म्हणून तो 'परभणी' लिहिलेल्या मैलाच्या दगडावर टेकला. तेवढ्यात अपेक्षानं फोटो काढला.

खाली तिनं लिहिलं, 'आमचे आबा बसलेत. बस गेली. मी गुरुवारच्या प्रॅक्टिकलला जाणार कशी? #आताबस'.

आणि एवढ्यावर सगळ्यांना एकदम कळलं.

दुसऱ्या दिवशी ताडकळसहून पोरं मोटारसायकलींवर आली ती आश्रुबाशेजारी बसून फोटो काढायला. ज्यांच्या गावचा थांबा गेला होता अशा पोरींनी आपापल्या फाट्याचे फोटो टाकले. डेपोच्या पानावर दुसरं काही दिसेना. आश्रुबाला लोक 'बसआबा' म्हणू लागले. तिसऱ्या सकाळी तो इस्त्रीचं धोतर आणि गुलाबी फेटा घालून, सूर्य उगवायच्या आत दगडावर हजर होता.

"आबा, तुमी कुनीकडून हाव?" महारुद्रनं कपाळाला हात लावून विचारलं.

"मी कुनीकडून न्हाई. मी बसलोय," आश्रुबा म्हणाला. "अपे, डाव्या बाजूनं काढ. उजवीकडं दात न्हाई."

#

बुधवारी फाट्यावर टेम्पो आला. टेम्पोच्या पुढं ढोल, मागं जीप आणि जीपमध्ये योगीराज भैय्या. भैय्या निवडून आलेले नव्हते, पण येणार आहेत असं त्यांच्या प्रत्येक फलकावर लिहिलेलं असे. टेम्पोतून चौघांनी सिमेंटचा एक रंगीत बाक उतरवला. भैय्यांनी फीत कापली. आश्रुबाला हार घातला. मग माइक हातात घेतला.

"तरुणाईचा आवाज आमच्यापर्यंत पोचला! मागणी होती, आता बस! आम्ही शब्द पाळला. बसायची सोय केली!"

टाळ्या थांबल्यावर आश्रुबानं विचारलं, "भैय्या, आन् बस?"

"बसा की, आबा! तुमच्यासाठीच हाय."

"बस म्हनायलोय मी. बस!"

"अहो, आधी तुम्ही बसा. तुमच्या आधी आम्ही कसं बसायचं?"

हे बराच वेळ चाललं. शेवटी दोघंही बसले आणि फोटो निघाला. बाकाच्या पाठीवर, आडव्या ओळीत, लालभडक अक्षरं होती: 'नम्र विनंती थांबा बसा विसावा घ्या'. पेंटरनं स्वल्पविराम दिले नव्हते. त्याचे वेगळे पैसे पडतात म्हणे.

संध्याकाळी भैय्यांच्या माणसांनी बाकाचा फोटो जोडला आणि अर्जाच्या पानावर हिरवी खूण झळकली. 'मागणी पूर्ण. अभिनंदन!' टाकीवरचा कारकून खाली उतरला. लोक आपापल्या घोरण्याकडं आणि वांग्यांकडं वळले.

अपेक्षा बाकावर बसून रडली. आश्रुबा शेजारी नुसता फेटा सोडत आणि बांधत राहिला. काही बोलावं तर फैसला त्याचाच होता.

"घरबसल्या काईच व्हत न्हाई का, आबा?" तिनं विचारलं.

"व्हतंय की," आश्रुबा म्हणाला. "बाक झाला."

हे बोलल्याचं त्याला लगेच वाईट वाटलं.

#

गुरुवारी सकाळी सेलूचे पाहुणे निघाले. रेल्वेनं परभणीपर्यंत आणि तिथून बसनं. नवरदेव जिनिंगमध्ये कामाला, त्याची आई, त्याची आजी आणि मध्यस्थ गोपाळराव. महारुद्र कडक टोपी घालून फाट्यावर उभा राहिला. आश्रुबा बाकावर.

बस आली. खिडकीतून गोपाळरावानं हात हलवला. महारुद्रनं हात हलवला. आजीनं पदर हलवला. बस ताडकळसकडं निघून गेली.

महारुद्रचा हात वरच राहिला.

जी बस पुतणीसाठी थांबत नाही ती पाहुण्यांसाठीही थांबणार नाही, ही एक गोष्ट त्याला सुचली नव्हती.

"गोपाळराव!" तो फोनवर ओरडला. "उतरा की! ... थांबत न्हाई म्हंजे? बेल मारा! ... जलद हाय म्हंजे काय जलद हाय, पाव्हणे हाव तुमी! ... बरं, ताडकळसला उतरू नका. तीच गाडी माघारी येतीय. मी थांबवतो. मी हाय ना!"

गाडी माघारी आली. महारुद्रनं दोन्ही हात केले. पाहुण्यांनी पुन्हा हात हलवले. आजी एव्हाना खिडकीला डोकं टेकून झोपली होती. बस परभणीकडं नाहीशी झाली.

"पाव्हणे लय येऊलालेत," आश्रुबा म्हणाला.

"आबा, गप ऱ्हावा!"

तिसऱ्या खेपेला पाहुणे पुन्हा ताडकळसकडं गेले. या वेळी गोपाळरावानं हात हलवला नाही, नुसतं पाहिलं. महारुद्रचं तोंड काळवंडलं. त्यानं घरी निरोप धाडला, पोहे फाट्यावरच आणा, निदान खिडकीतून तरी देता येतील. नर्मदाबाई, नागनाथ आणि दोन्ही सुना आले. मध्ये अपेक्षा, नव्या साडीत, हातात पोह्यांचं ताट, डोळे सुजलेले. पाठीला सॅक होती. 'साडीवर सॅक कामून?' असं महारुद्रनं विचारलं, पण उत्तर ऐकायला त्याला वेळ नव्हता.

"आत्या, माजी इज्जत चालली गं," तो रडवेला होऊन म्हणाला. "दिसभर त्यांला असंच हिंडवायचं का? ही बस थांबवाया काय करावं मानसानं?"

"पोरीला इचार," नर्मदाबाई म्हणाली. "ती आठ दिस झालं तेच करायलीय."

महारुद्रनं अपेक्षाकडं पाहिलं. बहुधा आठ दिवसांत पहिल्यांदाच. मग बाकाकडं पाहिलं. मग ताडकळसहून माघारी येणाऱ्या बसच्या धुरळ्याकडं.

"नागनाथ," तो म्हणाला, "धर तिकडून."

"बघू," म्हणत नागनाथनं धरलं.

"आरं, मी बसलोय!" आश्रुबा ओरडला.

"बसूनच ऱ्हावा!"

सिमेंटचा बाक, वर आश्रुबा, गुलाबी फेट्यासकट, दोन लेकांनी उचलला, खाली सुनांनी हात लावला आणि ऐन रस्त्याच्या मधोमध आडवा ठेवला. नर्मदाबाई पुढं पळत सुटली आणि लुगड्याचा लाल पदर दोन्ही हातांनी हलवू लागली. बस बरीच लांब होती, तरी आश्रुबाच्या मिशीचा केस न् केस उभा राहिला. एवढी वर्षं सांगितलेली गोष्ट समोरून येत होती आणि तिला म्हशीची मदत नव्हती. तो उठायला गेला. तेवढ्यात महारुद्र त्याच्या उजव्या हाताला येऊन बसला.

"मी हाय, आबा," तो म्हणाला आणि डोळे मिटले.

ब्रेक करकरले. बस बाकापासून चांगली लांब थांबली. पुढं आश्रुबानं जेव्हा जेव्हा सांगितलं, तेव्हा हे अंतर मिशीएवढं झालं.

कंडक्टरबाई खाली उतरल्या. "रस्त्यात बाक कुनी टाकला?" एवढं म्हणून त्या थबकल्या. बाकाच्या डाव्या टोकाला महारुद्रची पाठ होती, तिच्यामागं 'नम्र' गेलं होतं. उजवीकडं आश्रुबा पसरला होता, त्याच्यामागं 'बसा विसावा घ्या' गेलं होतं. दोघांच्या मधून लालभडक अक्षरात तेवढंच दिसत होतं: 'विनंती थांबा'.

"ड्रायवरसाहेब," कंडक्टरबाई वळल्या, "हितं विनंती थांबा कवा झाला हो? पाटी हाय."

ड्रायव्हरनं मान बाहेर काढली. "काल ढोल वाजत व्हता. तवाच झाला आसंल."

कंडक्टरबाईंनी डेपोला फोन लावला. "साहेब, बोरमाळला विनंती थांबा हाय का? ... पाटी हाय. बाक बी हाय. मानसं बी बसलेत."

बोरमाळ हे नाव ऐकताच पलीकडचा साहेब एवढ्या मोठ्यानं बोलला की फाट्यावर सगळ्यांना ऐकू आलं. आठ दिवस त्या माणसाच्या फोनला उसंत नव्हती. "पाटी हाय ना? मंग थांबत जा! रोज थांबत जा! आन् त्या आबाला म्हनावं, आता बस!"

आश्रुबा मुळीच हलला नाही. हलला असता तर मागून 'बसा' बाहेर पडलं असतं.

मग पाहुणे उतरले. महारुद्रनं उठता उठता टोपी सरळ केली, आणि गडबडीत खांद्यावरचा टॉवेल काढून 'नम्र'वर वाळत घातला. आपण तसं का केलं ते त्याचं त्यालाही कळलं नाही. लगेच तो कामाला लागला. "चला, चला. अपेक्षा, ताट आन. आबा, पाव्हणे आले. बसबिस आता पुरे. फैसला ध्यानात हाय ना?"

"हाय," आश्रुबा म्हणाला. "पाव्हणे उतरायच्या आदी बस थांबली तर पोरगी कॉलेजला."

"मंग आता पाव्हणे उतरले की!"

"कशातून उतरले?"

"बसमधून!"

"चालत्या?"

महारुद्रनं बसकडं पाहिलं, पाहुण्यांकडं पाहिलं, पुन्हा बसकडं पाहिलं. कुठूनही मोजलं तरी आधी बस थांबली होती आणि मग पाहुणे उतरले होते. यात आश्रुबाची लबाडी कुठं आहे ते त्याला अजूनही सापडलेलं नाही.

"अपे," आश्रुबा म्हणाला. "तुझं प्रॅक्टिकल हाय न्हवं? आता बस."

अपेक्षानं पोह्यांचं ताट चुलत्याच्या हातात दिलं, साडीच्या निऱ्या वर खोचल्या आणि बसमध्ये चढली. कंडक्टरबाईंनी बेल मारली. नागनाथ आणि सुनांनी बाक उचलून कडेला घेतला, आश्रुबासकट. बस निघाली तसा आश्रुबानं हात वर केला आणि सगळ्या घरासमोर अंगठा दाखवला. कुठलंही रान गेलं नाही.

इकडं आजी नुकतीच जागी झाली होती. आठ-नऊ गावं फिरून आल्यासारखं तिला वाटत होतं. ती बाकावर टेकली. समोर उन्हापायी बाकावरचा टॉवेल परत डोक्यावरून घेतलेलं कुणीतरी ताट धरून, खाली मान घालून उभं होतं.

"नाव काय गं बाई तुजं?" तिनं विचारलं.

"महारुद्र," ताट म्हणालं.

गोपाळरावानं पोह्यांचा बकाणा भरत विषय बदलला. "आबा, गाडी थांबवली कशी तुमी? आमी तर हात जोडले, थांबंना."

आश्रुबा सावरून बसला. मिशीवरून हात फिरवला. "ऐन रस्त्यात बसलो. गाडी येऊन मिशीला टेकली..." आणि सवयीनं त्यानं बहिणीकडं पाहिलं.

नर्मदाबाई पदर खोचत होती. तिनं रस्त्याकडं पाहिलं. बस आता बोटाएवढी दिसत होती.

"टेकली," ती म्हणाली. "म्या डोळ्यानं पायलं."